ध्रुवाचं पाणी आणि आमचे भावजी

आमच्या भावजींचा या जगात फक्त एका गोष्टीवर विश्वास होता, आणि ती म्हणजे त्यांनी स्वतः उकळून, वाफ करून, पुन्हा थंड केलेलं पाणी. तेही ताजं असेल तर. रात्रभर राहिलेल्या पाण्याकडे ते सकाळी असे बघत, की ते रात्री कुठे जाऊन आलं याचा त्यांना जाब हवा आहे. बाकी सगळं जग त्यांच्या लेखी संशयित होतं. दूधवाला, न्हावी, रेडिओवरच्या बातम्या, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, घरातली दोन्ही घड्याळं, आणि काही प्रमाणात मीसुद्धा. घड्याळं दोन होती ती त्यांच्यामुळेच. एक घड्याळ खोटं बोललं तर दुसऱ्याने सांगावं म्हणून त्यांनी दुसरं आणलं, आणि दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवायला लागल्यावर त्यांना दोघांचं संगनमत असल्याचा संशय यायला लागला.

भावजी म्हणजे माझे सख्खे दीर नव्हेत, ह्यांचे मावसभाऊ. वयाने ह्यांच्याहून थोडे लहान, म्हणून मी वहिनी. पार्ल्याला पूर्वेकडे आमचं बैठं घर होतं आणि मागच्या अंगाला एक सुटी खोली होती, लाकडं आणि मोडक्या खाटा ठेवायला बांधलेली. भावजी एका कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले तेव्हा ‘जागा मिळेपर्यंत’ म्हणून त्या खोलीत आले. जागा बघायला गेले की ते घरमालकाला असे प्रश्न विचारत, की त्याचाच विचार बदलायचा. विहीर किती खोल आहे, टाकी शेवटची कधी घासली, वरच्या मजल्यावर कोण राहतं आणि ते काय तळतात. त्यांना जागा मिळणार नाही हे मी लवकरच ओळखलं आणि खोलीला नवं दार बसवून घेतलं. सुताराने दाराला कुलूप घातलं. भावजींनी ते काढून दुसरं घातलं, कारण पहिल्याची किल्ली सुताराच्या हातात राहून आली होती.

त्यांचं लग्न झालं नाही. एकदाच जमत आलं होतं. मुलुंडला मुलगी बघायला आम्ही सगळे गेलो होतो. मुलगी शिकलेली, हसरी, आणि विशेष म्हणजे भावजींना बघून उठून न गेलेली. वडीलमंडळींनी म्हटलं, विचार बाबा काय विचारायचं ते. भावजींनी विचारलं, “केसांना कुठलं तेल लावता?” ती म्हणाली, जास्वंदीचं, आई घरीच काढते. भावजींनी खुर्ची जरा मागे घेतली. परतताना मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मुलगी उत्तम आहे वहिनी. पण ते डोकं खोलीत कसं आणायचं?”

आता त्या खोलीत असं काय होतं ते सांगायला हवं. कॉलेजात प्राध्यापक बोलत आणि डेमॉन्स्ट्रेटर नळ्या विसळत, अशी वाटणी होती. भावजींना तिथे स्वतःचं म्हणावं असं टेबल नव्हतं. मुलांचे प्रयोग संपले की प्रयोगशाळेला कुलूप, आणि किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात. म्हणून त्यांनी आपली प्रयोगशाळा आमच्या लाकडाच्या खोलीत थाटली होती. काचेच्या नळ्या, काचेच्या बुचाच्या बाटल्या, स्टो, आणि पाण्याची वाफ थंड करायची एक वळ्यावळ्यांची नळी. या सगळ्यातून ते समुद्राच्या पाण्यात काय विरघळलंय ते मोजत. मीठ नव्हे. मीठ कुणीही मोजतं, असं त्यांचं म्हणणं.

मला त्यांनी ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून समजावलं होतं. आत ते येत नसत, फोडणीचा धूर अंगाला चिकटतो म्हणून. “वहिनी, तुम्ही वरणाचं पातेलं विसळता. तिसरं पाणी स्वच्छ दिसतं. पण त्यात वरण असतंच की नाही?”

“माझ्या हातचं विसळलेलं असेल तर नसतं,” मी म्हटलं.

“असतं. दिसत नाही एवढंच. समुद्रातही तसंच. मासे, शेवाळ, डोळ्यांना न दिसणारे जीव, सगळे जगतात आणि मरतात. त्यांचं काहीतरी पाण्यात उतरून राहतं. ते किती, हे मला हवंय.”

मोजायची रीत तशी सोपी होती. विहिरीत टाकतात ते जांभळे खडे आपल्याला ठाऊक असतात. त्यांचं पाणी करायचं आणि समुद्राच्या पाण्यात ठरावीक घालून तापवायचं. पाण्यात जीवाचं जे काही विरघळलेलं असेल ते हा जांभळा रंग खाऊन टाकतं. रंग जेवढा उडाला तेवढा पाण्यात ऐवज. एवढंच. पण यात मेख अशी, की रंग खायला काहीही चालतं. साबण चालतो, घाम चालतो, केसांचं तेल, उदबत्तीचा धूर, कापसाचा तंतू, माणसाचा श्वास. मी ओसरीवर बायकांना शिवण शिकवत असे. त्या दिवसांत भावजींची खोली बंद. कारखान्याकडून भाजत्या बिस्किटांचा वास यायला लागला की सगळं पार्लं खोल श्वास घेई आणि भावजी खिडक्या लावून घेत. लोणी आणि साखर हवेतून उडत येते आणि आपल्या बाटल्यांवर उतरते, याबद्दल त्यांची खात्री होती. हात धुवायचे ते नुसत्या पाण्याने, कारण साबणाने धुतले तर साबण धुवायला आणखी काय आणायचं.

जुहूचं पाणी त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं. पण त्यांना हवं होतं ते दुसरंच. दक्षिण ध्रुवाकडचं पाणी, जिथे गाव नाही, गटार नाही, माणूस नाही, नुसता बर्फ. पृथ्वीवरचं सगळ्यात निर्मळ पाणी तिथे असणार आणि त्यात जांभळा रंग जवळजवळ तसाच राहणार, असा त्यांचा अंदाज होता. विभागप्रमुखांना त्यांनी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “पार्ल्यात बसून ध्रुव मोजणार? मोजा. आकडे आणून दाखवा, तुम्हाला खिडकीजवळचं टेबल देतो.” ते थट्टेत म्हणाले असतील. भावजींना थट्टा कळत नसे, कारण तिच्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. त्या दिवसापासून ते टेबल त्यांच्या डोक्यात बसलं. खिडकीजवळचं, नळ असलेलं, आणि खालच्या कपाटाला कुलूप असलेलं.

ध्रुवाचं पाणी आणणार कोण, तर शिवराम. शिवराम वेंगुर्ल्याकडचा, बोटीवरचा खलाशी. त्याचा भाऊ भावजींच्या कॉलेजात शिपाई होता आणि दहिसरला राहायचा. बोट बंदरात असली की शिवराम त्याच्याकडे उतरे. दक्षिणेच्या समुद्रात देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांना जळणाचं तेल पोचवायला त्याची बोट जात असे. भावजींनी आधी त्याची परीक्षा घेतली. एक बाटली देऊन त्याला जुहूचं पाणी आणायला पाठवलं आणि स्वतः त्याच्या मागे लपतछपत गेले. शिवरामने सांगितल्याप्रमाणे हात नुसते धुतले, बालदी समुद्राच्याच पाण्याने दोनदा विसळली, तोंड फिरवून उभा राहिला, बाटली भरली, बूच लावलं, आणि सरळ एका माडापाशी येऊन म्हणाला, “मास्तरांनू, माडामागे कित्याक उभे रवलात? हय येवा, सावलेत.”

भावजी चपलांमध्ये वाळू घेऊन घरी आले आणि म्हणाले, “वहिनी, माणूस मिळाला.” त्यांच्या तोंडून कुणाबद्दल एवढी स्तुती मी पहिल्यांदाच ऐकली. त्यांचा पूर्ण विश्वास बसलेला तो एकमेव माणूस.

पुढच्या उन्हाळ्यात दोन बाटल्या आल्या. भाजलेल्या रेतीत पुरलेल्या, लाकडी पेटीत. सासूबाईंनी पेटीला बाहेरून हळदकुंकू लावलं, म्हणजे भावजींची नजर चुकवूनच. एवढ्या लांबून पाणी आलंय तर नुसतं कसं घरात घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. भावजींनी पेटी पुन्हा बाहेर नेऊन पुसली, पुसायचं फडकं उकळलं, आणि मग आत नेली.

हे सगळं मागच्या घरातल्या ओकबाई त्यांच्या गच्चीतून बघत होत्या. काळ दारूबंदीचा. वळ्यावळ्यांची नळी, दिवसभर चाललेला स्टो, बंद खिडक्या, बाटल्यांची पेटी घेऊन येणारा खलाशी, आणि जवळ गेलं तर अंगावर धावून येणारा एकटा पुरुष. ओकबाईंना दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. त्यांनी पोलिसांना कळवलं, आणि एका सकाळी फौजदार हवालदाराला घेऊन दारात उभे.

“मागच्या खोलीत कोण राहतं?”

“माझे दीर.”

“काय करतात?”

“पाणी मोजतात.”

“कसलं पाणी?”

“समुद्राचं. सध्या दक्षिण ध्रुवाचं.”

फौजदारांनी वही मिटली. “बाई, आम्ही रोज ऐकतो. कुणी म्हणतं खोकल्याचं औषध आहे, कुणी म्हणतं गुलाबपाणी. दक्षिण ध्रुव आजच ऐकला.”

मागच्या दारी भावजी आडवे उभेच होते. त्यांना पोलिसांची भीती वाटली नाही. त्यांना वाटला तो संशय. “पान खाल्लंय तुम्ही,” ते फौजदारांना म्हणाले. “बाहेर चूळ भरून या.” फौजदार इतके चकित झाले, की खरोखरच जाऊन चूळ भरून आले. “आता मिशी. मिशीला काय लावता?” फौजदार म्हणाले, तेल. भावजींनी मान हलवली. “मग आत येता येणार नाही.” हवालदार हसायला लागला तसे फौजदार तापले, आणि शेवटी मीच मध्ये पडून ओला रुमाल मिशीवरून बांधून द्यायचं ठरवलं. एखाद्या दरोडेखोरासारखे तोंड बांधून फौजदार दारू पकडायला आत शिरले.

त्यांनी पहिली बाटली उचलली, रुमाल खाली ओढून घोट घेतला. म्हणाले, “याला चव नाही.” भावजी म्हणाले, “नसतेच. ते शुद्ध आहे.” दुसरी उचलली, ती जुहूची. ती त्यांनी खिडकीतून बाहेर थुंकली. तिसरीकडे, म्हणजे ध्रुवाच्या बाटलीकडे, हात गेला तेव्हा भावजींनी ती उराशी धरून पेटीवर बसकण मारली. “मला अटक करा, ठाण्यात बसवा. पण ही बाटली उघडायची नाही. तुमच्या एका श्वासात माझं वर्ष जाईल.” फौजदारांनी वाकून बुचापाशी वास घेतला, सरळ झाले, आणि बाहेर येऊन रुमाल मला परत दिला. “बाई, खरं सांगू? यांना थोडी दिली तर बरे होतील. पण कायदा आहे.” पुढे कधी रस्त्यात भेटले की विचारायचे, “काय, किती निघालं?”

निघालं ते भलतंच निघालं. भावजींनी पहिली बाटली उघडली त्या दिवशी घरात फोडणी बंद, उदबत्ती बंद, शिवणाचा वर्ग बंद, आणि बिस्किटांचा वारा उलट्या दिशेला. दुपारी खोलीचं दार उघडून ते बाहेर आले आणि ओसरीच्या पायरीवर बसले. चेहरा पांढरा. जांभळा रंग पार फिका पडला होता.

“म्हणजे काय झालं?” मी विचारलं.

“ध्रुवाच्या पाण्यात जुहूइतकाच ऐवज आहे.”

“मग असेल.”

“असेल कसा? तिथे काही नाही. बर्फ आहे.” आणि त्यांनी मान वर करून एकेकाकडे बघितलं, ह्यांच्याकडे, सासूबाईंकडे, माझ्याकडे. मी समजले, आता आपली चौकशी.

ती चौकशी मी विसरणार नाही. पेटी आल्यापासून कोण खोलीजवळ गेलं, कशासाठी, केस ओले होते की तेलाचे, शिंक कुणाला आली होती. सासूबाईंना त्यांनी विचारलं, बाटली उघडून तीर्थ म्हणून घेतलंत का. त्या म्हणाल्या, “मेल्या, खारट पाण्याचं तीर्थ कोण घेतं?” फौजदारांच्या मिशीवर दोन दिवस चर्चा झाली. मला विचारलं, “वहिनी, तुम्ही त्या दिवशी खिडकीशी उभं राहून लसूण सोलत होतात?” मी म्हटलं, “लसूण खिडकीतून उडी मारून बाटलीत गेला असेल तर मी जबाबदार. पण बाटलीला बूच होतं ना?” त्यांना ते पटलं नाही. दुसरी बाटली उघडायच्या आधी आठवडाभर त्यांनी घरातली फोडणी बंद ठेवायची विनंती केली. विनंती म्हणजे ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून फक्त बघत. आम्ही उकडलेलं खाल्लं. आमचे हे तिसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या खानावळीत जेवायला गेले ते आठवडा संपेपर्यंत तिकडेच जेवले.

मी एकदा विचारलं, “आम्हाला सगळ्यांना विचारलंत. शिवरामला विचारणार की नाही?”

“शिवरामला?” ते दुखावल्यासारखे झाले. “शिवरामवर संशय घेता तुम्ही?”

दुसऱ्या बाटलीनेही तोच आकडा दिला. अगदी तोच. आता आमच्यावरचा आळ जायला हवा होता. भावजी म्हणाले, दोन बाटल्या एकच सांगतात यातच काहीतरी आहे. पण त्यांच्या विभागप्रमुखांना आकडे बघून भलताच आनंद झाला. बर्फाच्या समुद्रातही जीवाचा एवढा अंश, हे कुणाला सुचलंही नव्हतं. दिवाळीनंतर पुण्याला प्राध्यापकांची सभा होती, तिथे ते स्वतः हे वाचून दाखवणार होते, भावजींच्या नावासकट. आणि टेबल? टेबल आता थट्टेत राहिलं नव्हतं. शिपायाने ते पुसून खिडकीजवळ सरकवलंही होतं. भावजी घरी येऊन म्हणाले, “सरांना फार आवडलं. म्हणजे नक्की काहीतरी चुकलंय.” तरी त्या दिवशी ते अंगणात शीळ घालत होते. त्यांना शीळ घालता येते हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

गणपतीला गावी जायच्या आधी शिवराम भेटायला आला. ओसरीवर बसून त्याने चहा घेतला आणि विचारलं, “पाणी बरा निघाला मां?”

“बरं म्हणजे फारच बरं निघालं,” भावजी म्हणाले. “तरी एकदा सांग बघू. कसं कसं केलंस?” हे त्यांनी संशयाने नाही, आवडीने विचारलं. आवडती गोष्ट माणूस पुन्हा ऐकायला मागतो तसं.

शिवरामने कप खाली ठेवला. “आमची बोट मोठ्या बोटीक तेल देवन लांब इली. बर्फ घराएवढो. हात धुतलंय. बालदी थयच्याच पाण्यान दोनदा इसळलंय. मगे नारळ दिलंय. मगे बालदी सोडलंय, तोंड फिरवन बाटल्यो भरलंय.”

“मग काय दिलंस?”

“नारळ.”

भावजींनी फार सावकाश विचारलं, “कुणाला?”

“दर्याक. दुसऱ्या कोणाक देतलंय? तेचा पाणी घेवचा तर आदी तेका काय दिवक नको?”

“आख्खा टाकलास?”

“आख्खो बर्फार आपटान थयच रवलो आसतो. म्हणान कठड्यार फोडलंय. पाणी खाली सोडलंय, मगे दोन्ही वाटी सोडलंय.”

“आणि बालदी त्याच बाजूला सोडलीस?”

शिवरामला प्रश्नाचंच नवल वाटलं. “मगे? एका बाजून देवन दुसऱ्या बाजून घेवचा? ता काय बरा दिसता?”

“जुहूला नव्हता दिलास तू नारळ. मी माडामागे होतो.”

“हयच्या दर्याक आमी वर्साक देतंव,” शिवराम म्हणाला. “थयच्या दर्याची नि आमची वळख खय होती?”

मी भावजींकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि ओरडेल. लसणाच्या एका कुडीवरून ज्याने आठवडाभर घर उपाशी ठेवलं, तो एका आख्ख्या नारळाला काय करील. भावजींनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, “नारळ चांगला होता?”

“घरच्या माडाचो. बायकोन पेटयेत घालून दिल्लो.”

“बरं केलंस,” भावजी म्हणाले.

शिवराम समाधानाने गेला. मी आत जाऊन आणखी चहा टाकला आणि भावजींना नेऊन दिला. म्हटलं, “एवढ्या समुद्रात एक नारळ काय करणार?”

“समुद्रात काहीच नाही. बालदीत?” ते म्हणाले. “लाटेने नेलं असेल तर आकडा खरा. थेंबभर बालदीत आलं असेल तर मी नारळ मोजला. कुठलं खरं ते आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, पाणी संपलंय.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “सांगायचं कशाला कुणाला? नारळ देवाला दिलेला. त्यात अशुद्ध काय?” खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. ही गोष्ट आम्हा चौघांना ठाऊक होती. पुण्याच्या सभेत कुणी नारळाचं नावही काढलं नसतं. मी तसं म्हटलं. मी व्यवहारी बाई आहे. टेबल डोळ्यांसमोर होतं, नळ होता, कुलूप होतं. भावजींनी चहा संपवला आणि म्हणाले, “वहिनी, आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला. आता एकट्याला मला सोडलं तर बरं दिसणार नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागप्रमुखांना सांगितलं. प्रमुखांनी पुण्याचं वाचन रद्द केलं, आणि टेबल पुन्हा भिंतीकडे गेलं. प्राध्यापकांच्या खोलीत मग पुष्कळ दिवस नारळपाण्याचे विनोद चालले. भावजी ते ऐकून घेत. फक्त शिवरामला त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही. त्याच्या भावालाही सक्त ताकीद दिली, की बोलायचं नाही. जगातल्या प्रत्येकाला तोंडावर ‘तुझ्या हाताला साबण आहे’ म्हणणारा हा माणूस. पण शिवरामच्या नारळाने सगळं बुडालं, हे त्याला सांगवेना. मी त्यांना त्यावरून छेडलं तर म्हणाले, “काय सांगू? त्याची बाजू बरोबर होती.”

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच वाट बघायला नको. ध्रुवाचं पाणी पुन्हा आलं नाही. शिवरामच्या कंपनीने त्याला दुसऱ्या बोटीवर घातलं, ती आफ्रिकेच्या किनाऱ्याने जायची. आणि काही वर्षांनी भावजींना देशावरच्या एका नव्या कॉलेजात नोकरी मिळाली. तिथे त्यांना टेबल मिळालं, खिडकीजवळचं. पण तिथून समुद्र फार लांब होता. ते विहिरी मोजत असत म्हणे.

पण हे त्या वर्षी कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवाळीनंतर शिवराम निघणार होता, आणि भावजींनी दोन बाटल्या पुन्हा तयार केल्या होत्या. शिवराम त्या न्यायला आला तेव्हा ते म्हणाले, “या खेपेला तिथे नारळ नको हं.”

“कित्याक?”

कारण तर सांगायचं नव्हतं. भावजी अडखळले. “गेल्या खेपेचा पोचलाय त्याला.”

“तो गेल्या खेपेचो,” शिवराम म्हणाला. नारळ दिल्याशिवाय तो बालदी सोडणार नाही, हे मलाही दिसत होतं. भावजींनी बराच विचार केला. मग म्हणाले, “हे बघ, समुद्र सगळा एकच आहे. इथलं पाणी फिरत फिरत तिथे जातं. हे मी म्हणत नाही, पुस्तकात आहे. मग इथूनच आधी दिला तर?”

“जायत थयसर?”

“जाईल. वेळ लागेल.”

शिवरामने हिशेब केला. “मगे आजच दिवक होयो. माज्या आदी पोचाक होयो.”

म्हणून संध्याकाळी आम्ही तिघं जुहूला गेलो. मला न्यायचं कारण, नारळ निवडायचं काम भावजींना वाण्यावर सोपवायचं नव्हतं आणि स्वतःला निवडता येत नव्हतं. मी आणलेले दोन त्यांनी कानाशी हलवून परत करायला लावले. तिसरा नाइलाजाने चालला. किनाऱ्यावर पोचल्यावर शिवराम म्हणाला, पाणी तुमका होया, नारळ तुमीच देवा. भावजींनी लांबूनच नारळ फेकला. लाटेने तो आणून त्यांच्या पायाशी ठेवला. पुन्हा फेकला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच काहीतरी केलं असावं.

“तुमी फेकतात,” शिवराम म्हणाला. “फेकूचो नाय. सोडूचो.”

इतकी वर्षं जुहूचा समुद्र त्यांना बालदीतून आणि बाटलीतूनच भेटला होता. त्यांनी धोतर खोचलं, चपला माझ्यापाशी दिल्या आणि पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत, मग जरा पुढे. त्यांना पोहता येत नव्हतं. एक लाट परत फिरताना त्यांनी दोन्ही हातांनी नारळ खाली धरला आणि अलगद सोडला. तो गेला. भावजी बराच वेळ तसेच वाकून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेणारा हा माणूस नव्हे. अंधारायला लागलं तसे ते कमरेपर्यंत भिजलेले परत आले. मी चपला पुढे केल्या आणि विचारलं, “काय म्हणत होतात हो तिथे?”

“काही नाही,” भावजी म्हणाले. “पत्ता सांगत होतो.”